सात खाचा आणि सहा अक्षरं

परवा व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुम्हाला गाडी आतून दाखवली, तेव्हा तुम्हा दोघांचं लक्ष नेमकं नको तिथे गेलं. गिअरच्या दांड्याशेजारचा तो लांबट पांढरा डाग कशाचा, असं धाकटीनं विचारलं. आजोबा म्हणाले, "आजीला विचारा," आणि फोन माझ्या हातात देऊन मोकळे झाले. मी नंतर सांगते म्हटलं. एवढ्याशा डागाची हकीकत फोनवर सांगण्यासारखी नव्हती, आणि आजोबा शेजारी उभे असताना तर मुळीच नव्हती. म्हणून लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. बाबांनीही वाचावं, कारण शेवटी त्यांच्यासाठी एक काम आहे.

आधी गाडी का घेतली ते सांगते. आजोबांच्या थोरल्या बहिणीला तुम्ही तंजावरची अक्का म्हणता. माझ्या त्या वन्सं. पन्नास वर्षं त्यांनी घरी मुलींना गाणं शिकवलं. कंबर मोडल्यापासून त्या चाकांच्या खुर्चीत असतात. ती खुर्ची घडीची नाही, आणि दुसरी त्यांना चालत नाही. आम्ही दर महिन्याला तंजावरला जातो. जायचं, त्यांना खुर्चीसकट कावेरीच्या काठाला न्यायचं, फिरवायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं, हा आजोबांचा नेम. पण तिथल्या कुठल्याच टॅक्सीच्या डिकीत ती खुर्ची मावेना. एका ड्रायव्हरनं ती टपावर बांधली. वन्सं म्हणाल्या, "मला पण बांध वरती." त्या दिवशी त्या घरातून हलल्या नाहीत.

मग आजोबांनी ही गाडी शोधून काढली. जुनी, परदेशी, एके काळची श्रीमंती, आणि मागे डिकीऐवजी सबंध खोलीच. आपल्याकडे असल्या लांब गाड्या फारशा कुणी घेत नाही. पेरुंगुडीच्या आमच्या इमारतीत ती पहिल्यांदा आली तेव्हा वॉचमन धावत आला. "सार, आंबुलन्सा?" आजोबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पण मागची सीट अर्धी पाडली, आजोबांनी केलेली फळी लावली, की वन्संची खुर्ची घडी न करता सरळ आत जाते. वन्सं पुढे, खुर्ची मागे, आणि खुर्चीशेजारी मी.

गाडी ऑटोमॅटिक. आजोबांनी अंबत्तूरच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं गिअर कापले, ट्रॅक्टरचे, ट्रकचे, पण स्वतः आयुष्यभर हातानं गिअर टाकायच्या गाड्या चालवल्या. हिच्यात दांडा एकदा योग्य जागी ओढला की गाडी आपली आपण गिअर बदलते. दांड्याशेजारी त्या जागांची अक्षरं असतात. पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे चला. डीच्या खाली घाटाबिटासाठी आकडे. आमच्या गाडीत ही अक्षरं उरलीच नव्हती. आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरनं रोज कसलंसं औषध लावून पुसून पुसून ती घालवली होती. समोरच्या काट्यांमध्ये एक छोटी खिडकी आहे, तिच्यात कोणता गिअर आहे ते दिसायला हवं. तीही अर्धी मेलेली. डी आहे, चार आहे की मुंगी बसली आहे, कळायचं नाही.

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या घरात प्रत्येक डब्यावर नाव आहे, प्रत्येक दिव्याच्या बटणावर कुठला दिवा ते आहे, किल्ल्यांच्या प्रत्येक खिळ्याखाली पट्टी आहे. आजोबांच्या औषधांचा डबा तर मी वार आणि वेळ घालून लावते. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, फळ्यावरची ओळ कधी तिरकी गेली नाही. विक्रेत्याचा माणूस गाडी सोडून गेला तेव्हाच मी सांगितलं, "अक्षरं लागल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही. एनच्या जागी आर पडला तर भिंतीत जाल."

"मोजून टाकतों की," आजोबा म्हणाले.

"मोजायला ती काय पायऱ्यांची विहीर आहे? मी पट्टी करते."

गाडीच्या कप्प्यात तिचं जाडजूड पुस्तक होतं. त्यातलं चित्र पाहून मी माझ्या लेबलच्या यंत्रावर अक्षरं काढली, पांढऱ्या पट्टीवर काळी, ठसठशीत. फूटपट्टीनं दांड्याच्या फटीची लांबी मोजली. वरचं अक्षर वरच्या टोकाला, खालचं खालच्या टोकाला, मधली अगदी सारख्या अंतरानं. चिकटवल्यावर मला ते फार आवडलं. आजोबांनी दांडा डीपाशी ओढला आणि आम्ही सोसायटीला एक फेरी मारली.

त्या दिवसापासून मी वही ठेवली. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. दर वेळी टाकी पूर्ण भरायची, आणि नळी पहिल्यांदा टक् करून थांबली की बस, पुढे थेंब नाही. पंपावरच्या मुलींना हे पटायचं नाही. "मॅडम, अजून थोडं जाईल, रक्कम सरळ होईल." मला रक्कम सरळ नको होती, मोजमाप सरळ हवं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की मोकळ्या रस्त्यावर लिटरला अकरा किलोमीटर. शहरात कमी येणार हे मान्य होतं, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सकाळी साडेनऊला कुठलीही गाडी किलोमीटर जाळत नाही, नुसता वेळ जाळते. पण शहराच्या टोकाचं तांबरम सुटल्यावर रस्ता मोकळा होतो, तिथून तंजावरपर्यंत तरी अकराच्या आसपास यायला हवं होतं.

साडेआठ आले. पुढच्या महिन्यात साडेआठ. त्याच्या पुढच्या महिन्यात पाऊण कमी.

तुमच्या सायकलींना गिअर आहेत, म्हणून हे तुम्हाला समजेल. सपाट रस्त्यावर तुम्ही चढणीचा गिअर तसाच ठेवलात तर पाय भराभर फिरतात, घाम येतो, आणि सायकल काही त्या मानानं पुढे जात नाही. गाडीचं तसंच. वरचा गिअर पडला की इंजिन सावकाश फिरतं आणि पेट्रोल वाचतं. आमच्या गाडीचं इंजिन शंभरच्या वेगाला मिनिटाला तीन हजारांच्या जवळ फेऱ्या घ्यायचं. मी शेजारी बसून तो काटा पाहायची.

"ही ओरडते आहे," आजोबा दर वेळी म्हणायचे.

"तुम्ही दाबता म्हणून ओरडते."

"मीं कोठे दाबतों? अंगठ्यानें चालवतों आहे." तंजावरकडचं बोलणं त्यांच्या तोंडून रागात जास्त येतं. "हिचा मागच्या चाकांचा गिअरच लहान बसवला असेल. लांब गाडी, ओझ्यासाठी केलेली. ओझ्याच्या गाडीला तसाच देतात."

मग वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं दातांचे हिशेब सुरू व्हायचे. या चक्राचे इतके दात, त्याचे इतके, चाकाचा घेर इतका. हिशेब पटण्यासारखे होते, आणि मला ते सबब वाटत होते.

तीन मेकॅनिक झाले. पहिल्यानं प्लग बदलले. दुसऱ्यानं गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि जुनं तेल बाटलीत घालून मला दाखवायला घरी आणलं, जसं काही मी ते पिऊन बघणार होते. तिसऱ्यानं बॉनेट उघडलंच नाही. "पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं मॅडम, सगळ्यांचंच उतरलंय." मी विचारलं, सगळ्यांचं एवढं? तो म्हणाला, "ऑटोमॅटिक म्हटल्यावर असंच." एकानंही गाडी महामार्गावर नेली नाही. गल्लीत एक चक्कर मारायची आणि मान हलवायची. मी त्यांना वही दाखवली तर ते तिच्याकडे असं पाहायचे, जणू मी लग्नाचा आल्बम काढला आहे.

अशा वेळी माणूस जे हाताशी असतं त्याला धरतो. माझ्या हाताशी आजोबा होते. ते सत्तर पार केलेले, एकदा तिंडिवनमजवळ त्यांनी उशिरा ब्रेक दाबला होता, आणि टोलनाक्यावर चुकीच्या रांगेत शिरले होते. दोन गोष्टी, आठ महिन्यांत. पण वही समोर असली की दोन गोष्टीही ठळक दिसतात. मी वहीत तक्ता केला, सुवाच्य अक्षरात, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "चालकाचा पाय जड. वयोमानानुसार लक्ष कमी." त्याचा फोटो काढून तुमच्या बाबांना पाठवला. आजोबांना सांगितलं नाही.

बाबांचा फोन लगेच आला. "आई, आकडे स्पष्ट आहेत. त्यांना स्वतःला कळत नसतं. कधीतरी हे व्हायचंच होतं. किल्ली काढून घे."

"लगेच?"

"मग कधी? काही झाल्यावर? एग्मोरहून ट्रेननं जा तंजावरला. आरामात जाल."

"आणि खुर्ची?"

"आत्या घरी राहतील आई. त्यांचंही वय झालं."

फोन स्पीकरवर होता. माझी ती खोड. आजोबा स्वयंपाकघराच्या दारात कॉफीचा पेला घेऊन उभे होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "कसले आकडे?"

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून शेऱ्याचा रकाना वाचला, अगदी शांतपणे, तो त्यांचाच नसल्यासारखा.

"प्रगतिपुस्तक पाठवलेंस माझें?"

"अहो, तसं नाही..."

"नापास कां?"

त्यांनी कॉफी ओट्यावर ठेवली. "सेरी, बरें," ते म्हणाले. "या महिन्याची एक शेवटची खेप. अक्काला मीं सांगतों. तूं सांगू नकोस."

त्या खेपेला त्यांनी गाडी वरातीसारखी चालवली. बस, ट्रक, एक ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागे टाकून गेला. विक्रवांडीला वळल्यावर रस्ता रिकामा, तरी काटा सत्तरच्या वर नाही. मी म्हटलं, एवढंही हळू नको. "नको कां? पाय जड आहे माझा," ते म्हणाले, आणि कुंभकोणमपर्यंत काटा तसाच ठेवला. तिथे टाकी भरली. पहिल्या टक्ला थांबलो. मी भागाकार केला. पावणेनऊ.

"किती?"

मी सांगितलं.

"एवढा हळू येऊन पावणेनऊ?" त्यांचा आवाज चढला, पण राग नव्हता, काहीतरी निराळं होतं. "मग पाय कसा जड होईल गे? सांग ना, मास्तरीणबाई. पाय जड असता तर आज फरक पडला असता की नाही?"

हा प्रश्न बरोबर होता. तीस वर्षं मुलींना नीट विचार करा म्हणून सांगणाऱ्या बाईला तो आपणहून पडायला हवा होता. मी वही मिटली आणि उन्हाचं कारण सांगून काच वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वन्संना बाहेर काढलं. आजोबांनी आदल्या दिवशी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. फळीला मात्र नवं रबर ठोकलं होतं, पुढच्या महिन्यात लागणार नाही हे माहीत असून. वन्सं पुढे बसल्या. रस्त्यात फुलांसाठी थांबलो, कॉफीसाठी थांबलो, मग रेल्वेचं फाटक लागलं. थांबलं की आजोबा दांडा पीला नेतात, निघताना डीला आणतात, ही त्यांची शिस्त. वन्संचा उजवा हात मांडीवर चालू होता. ताल धरायची त्यांना सवयच आहे, वाटाणे सोलतानाही धरतात.

फाटकाशी त्या म्हणाल्या, "कां रे, तुझा हा दांडा कसला ताल वाजवतो?"

"कसला ताल, अक्का?"

"मागे नेतोस, चार वाजतें. पुढे आणतोस, चार."

"तीन," आजोबा म्हणाले. "पी, आर, एन, डी. पीपासून तीन."

"चार. मीं मोजलें. सकाळपासून अस्के वेळा चार." अस्के म्हणजे त्यांच्याकडे सगळे. "पन्नास वर्षें पोरींना मोजायला शिकवलें. मला तीन आणि चार कळेना कां?"

मागून मी म्हटलं, "वन्सं, तीनच आहेत. पट्टी मी स्वतः लावली आहे. फूटपट्टीनं मोजून."

त्या मागे वळल्यासुद्धा नाहीत. "तूं लावलीस गे. दांड्यानें वाचली नाही."

आजोबा हसले, आधी. मग हसू थांबलं. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली अर्धी वळवून ठेवली, ब्रेक दाबला आणि दांडा अगदी वरून सावकाश खाली ओढायला लागले. टक्. टक्. मी मागच्या सीटवरून पुढे वाकले. खुर्चीचं चाक माझ्या बरगडीत घुसत होतं. एनपासून पुढे तिसरं टक् झालं आणि दांडा थांबला, तो कुठल्याही अक्षरापाशी नव्हता, एन आणि डीच्या मध्ये होता. आणखी एक टक्, आणि दांडा माझ्या डीपाशी, किंचित खाली. मग आणखी दोन.

"सात," वन्सं म्हणाल्या. "सात जागा आहेत. लिहिलीत किती?"

पट्टीवर सहा होती.

फाटक उघडलं. मागे हॉर्न सुरू झाले. आजोबांनी गाडी कडेला घेतली आणि कप्प्यातून पुस्तक काढलं. मी ज्या पानावरून चित्र घेतलं होतं तिथे वरती बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे चार गिअरच्या जुन्या प्रकारासाठी. पान उलटलं की पाच गिअरवाली, म्हणजे आमची. तिच्यात डीच्या खाली आणखी एक जागा होती, चारचा आकडा. दांडा चारवर ठेवला तर पाचवा गिअर पडतच नाही. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी पान उलटलं नव्हतं.

तुम्ही हे कागदावर करून बघा. सात रेघा एकाखाली एक काढा. शेजारी सहा अक्षरं लिहा, पहिलं पहिल्या रेघेशी, शेवटचं शेवटच्या रेघेशी, मधली सारख्या अंतरानं. चौथं अक्षर कुठे पडतं पाहा. चौथ्या रेघेपेक्षा पाचवीच्या जवळ. बाकीची सगळी आपापल्या रेघेपाशी बरी बसतात, फक्त डी पुढच्या घरी जातो. मी इतकं सरळ मोजलं नसतं, हातानं वेडंवाकडं चिकटवलं असतं, तर कदाचित पहिल्याच दिवशी घोटाळा दिसला असता. आठ महिने आजोबा रोज चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवत होते, कारण मी त्यांना तिथे चालवा असं ठसठशीत अक्षरात लिहून दिलं होतं.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले ते भलतंच. "अहो, तुम्ही चाळीस वर्षं गिअर कापलेत! तुम्हाला एकदाही मोजावंसं वाटलं नाही?"

आजोबांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "पट्टी सरळ आहे," ते म्हणाले. "फार सरळ आहे."

"मी विचारते ते सांगा."

"तुझी पट्टी होती गे. तुझ्या डब्यातल्या गोळ्या मीं बघून घेतों कां? सोमवार म्हटलेंस की सोमवार." मग पुस्तक मिटून, "पहिल्या दिवशी मोजतों म्हणालों होतों. तूं नको म्हणालीस."

वन्सं खिडकीतून बाहेर बघत होत्या. "भांडण घरीं करा," त्या म्हणाल्या. "ऊन वाढतें आहे. आणि पुढल्या महिन्याला येणार नाही असें काय सांगायचें होतें रे तुला? कालपासून तोंडात घेऊन बसला आहेस."

आजोबांनी दांडा चौथ्या जागी ठेवला, जिथे काहीच अक्षर नव्हतं. "कांही नाही अक्का," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर इंजिन ओरडलं नाही. शंभरला काटा सव्वादोन हजारांवर. आजोबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, पुढे बघू लागले. पेरुंगुडीच्या पंपावर मी वही काढली. पावणेदहाच्या थोडे वर. पुस्तकातले अकरा आले नाहीतच, ते बहुधा छापण्यापुरते असतात. पण त्याच माणसाच्या त्याच पायानं, नेहमीच्या वेगानं, पावणेदहा.

मी तुमच्या बाबांना त्याच संध्याकाळी फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील आणि प्रकरण मिटेल. ते हसलेही. मग म्हणाले, "बरं झालं कळलं. पण आई, प्रश्न फक्त ॲव्हरेजचा नव्हता ना? वय आहेच."

"वय आहेच म्हणजे? तू आकडे स्पष्ट आहेत म्हणालास. आता आकडे उलटे झाले तर आकड्यांचा प्रश्न नव्हता?"

"तूच लिहिलं होतंस, लक्ष कमी म्हणून."

मी लिहिलं होतं. मीच लिहिलेलं माझ्यापुढे ठेवलं जात होतं, आणि तेही अशा आवाजात जो मी शाळेत मुलींच्या आईबापांशी वापरत असे. मी म्हटलं, "तिंडिवनमला कुत्रं आडवं आलं होतं. ते मी लिहिलं नाही." बाबा म्हणाले, बघू. गाडी तूर्त राहू दे. तूर्त, हा शब्द मला आवडला नाही.

पट्टी मी दुसऱ्याच दिवशी काढली. अक्षरं निघाली, पण खालचा डिंक निघाला नाही. खोबरेल तेल लावलं, रॉकेल लावलं, नखानं खरवडलं. तेच ते पांढरं, जे तुम्हाला दिसलं. मग मी नवी पट्टी केली, सात अक्षरांची, प्रत्येक टक्पाशी आधी पेन्सिलीची खूण करून. आजोबांनी ती हातात घेतली, नीट पाहिली आणि परत दिली.

"नको."

"आता बरोबर आहे. दोनदा तपासली आहे."

"बरोबर असेल. मीं मोजीन."

आणि ते मोजतात. गाडी सुरू केली की दांडा ओढताना ओठ हलतात, एक, दोन, तीन. मांडीवर बोट आपटतं, वन्संसारखं. मला शेजारी बसून हे ऐकावं लागतं.

पण त्याहून मला जे सोसत नाही ते निराळंच आहे. किल्ली माझ्या पट्टीच्या वरच्या खिळ्यावर असते. पूर्वी आजोबा ती काढून निघायचे आणि दारातून ओरडायचे, "येतों गे." आता ते खिळ्यापाशी थांबतात आणि विचारतात, "जाऊं कां?" भाजी आणायला जायचं असलं तरी. मी म्हणते, "अहो, मला काय विचारता?" ते किल्ली घेतात आणि जातात, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. मी चिडले, समजावलं, एकदा तर उत्तरच दिलं नाही. त्या दिवशी ते किल्ली न घेता परत खुर्चीत जाऊन बसले, आणि भाजी ऑनलाइन मागवावी लागली, तीही जून वांगी.

या महिन्याची खेप आहे. फळी पुसून ठेवली आहे. आजोबा विचारतील, आणि मी जा म्हणेन. पण मी एकटीनं जा म्हणून भागत नाही, कारण ते प्रगतिपुस्तक माझ्याकडे राहिलेलं नाही. वहीतल्या माझ्या पानावर मी तो शेरा शाईनं खोडला आणि बाजूला खरं कारण लिहून सही केली. आजोबांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "त्याच्याकडे गेलेलें?"

तुमच्या बाबांच्या फोनमध्ये तो फोटो आहे. मी त्यांना पुसायला सांगितलं, तर ते म्हणाले, कुठेतरी खाली गेला असेल आई, त्यानं काय होतं. तुम्ही दोघं शोधा. तुम्हाला ते चटकन सापडतं. पुसू नका, पुसला तर आजोबांना तो अजून कुठेतरी आहे असंच वाटत राहील. छापून काढा, शेवटच्या रकान्यातल्या त्या दोन ओळी शाईनं खोडा, पेन्सिलीनं नको, आणि खाली बाबांची सही घ्या. मग त्याचा फोटो आजोबांच्या फोनवर पाठवा. माझ्या नको, आजोबांच्या. आम्ही शनिवारी सकाळी सहाला निघतो, त्याच्या आत.